गुरू अर्जन देव

गुरू अर्जन देव (१५६३–१६०६) हे शिखांचे पाचवे गुरू. आपल्याकडे शीख गुरू म्हटलं की नांदेडमुळे डायरेक्ट गुरू गोविंदसिंगच आठवतात, पण आपल्या नामदेवांचे शब्द आज गुरुद्वारांत गायले जातात ते मुख्यतः या पाचव्या गुरूंमुळे.

जन्म पंजाबातल्या गोइंदवालचा. वडील चौथे गुरू रामदास, आई बीबी भानी ही तिसऱ्या गुरूंची मुलगी. तीन भावांत हे धाकटे आणि तरी १५८१ मध्ये गादी यांनाच मिळाली, मग काय, थोरला भाऊ पृथीचंद जो बिनसला तो कायमचाच.

अमृतसरचं हरिमंदिर, म्हणजे आजचं सुवर्णमंदिर, यांच्याच काळात उभं राहिलं, चारी दिशांना दारं ठेवून. तरनतारन गावही त्यांनीच वसवलं. पण खरं मोठं काम म्हणजे ग्रंथ. पृथीचंदाच्या गोटातले लोक नानकांच्या नावावर स्वतःची पदं खपवायला लागले होते असं शीख परंपरा सांगते, तेव्हा अस्सल वाणी एकदाची पक्की करायची म्हणून गुरूंनी अमृतसरला रामसर तळ्याकाठी बसून ती निवडली आणि भाई गुरदासांनी लिहून काढली. मांडणी रागांनुसार, आधी गुरूंची पदं आणि शेवटी भगतांची, म्हणजे इतर संतांची. प्रत्येक पदाच्या शेवटी आकडे आहेत, पदात कडवी किती, त्या गटातलं हे पद कितवं, असा चालू हिशोब, त्यामुळे मध्येच कोणी एखादं पद घुसडलं तर बेरीजच चुकणार! चारशे वर्षांपूर्वीचं हे एडिटिंग बघून खरंच थक्क व्हायला होतं. १६०४ मध्ये हा आदिग्रंथ हरिमंदिरात ठेवला, पहिले ग्रंथी, म्हणजे ग्रंथ वाचणारे, बाबा बुड्ढा. गुरूंची स्वतःची पदं यात सगळ्यात जास्त, दोन हजारांच्या वर, आणि त्यांची 'सुखमनी' ही दीर्घ रचना तर कित्येक घरांत रोज म्हटली जाते.

कबीर, रविदास, शेख फरीद यांच्या बरोबरीने नामदेवांची ६१ पदं यात आहेत. एका पदात 'छीपे के घरि जनमु दैला' अशी ओळ येते, छीपा म्हणजे कापड छापणारा, आपण मात्र नामदेवांना शिंपी म्हणतो, आणि ते 'दैला' ऐकलं की मराठी कान लगेच टवकारतो.

१६०६ मध्ये जहांगीराविरुद्ध त्याच्याच मुलाने, खुसरोने बंड केलं. गुरूंनी खुसरोच्या कपाळी टिळा लावला असं जहांगीराने आत्मचरित्रात लिहिलंय, पण त्याच्या आधीच तो लिहितो की हे 'दुकान', म्हणजे गुरूंचा पंथ, बंद करायचं बरेच दिवस मनात होतं, म्हणजे बंड हे निमित्तच म्हणायचं. लाहोरला गुरूंना मारलं गेलं. तापलेल्या तव्यावर बसवून अंगावर गरम वाळू ओतली अशी शीख परंपरा आहे. त्यांचा मुलगा हरगोबिंद पुढे गुरू झाला आणि त्याने दोन तलवारी बांधल्या, एक धर्माची, एक सत्तेची.

शहीदी दिवस ऐन उन्हाळ्यात येतो. त्या दिवशी शीख लोक रस्त्यावर 'छबील' लावतात, मोठ्या पिंपात पाणी, दूध, गुलाबाचं सरबत आणि बर्फाची लादी, आणि बस असो, रिक्षा असो, थांबवून हातात ग्लास देतात, कोण कुठला ते विचारत नाहीत.