बॉक्स एल्डर काउंटी: रूळ आले, रूळ गेले

युटा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातली बॉक्स एल्डर काउंटी ओळखली जाते ती 10 मे 1869 रोजी, अमेरिकेच्या पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रेल्वेमार्ग जुळले तेव्हा, प्रोमोंटरी समिटला ठोकलेल्या सोन्याच्या खिळ्यामुळे. खरं तर तो ठोकलाच नव्हता. लॉरेलच्या लाकडी स्लीपरला आधीच भोकं पाडली होती. खिळा त्यात अलगद बसवला आणि समारंभ संपताच काढून घेतला. आज तो कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. जागेवर पाहण्यासारखं उरलंय ते मातीकाम.

रेल्वे यायच्या आधीची नोंद थोडक्यात: काउंटी 1856 ची, मुख्य गाव ब्रिगहॅम सिटी, वस्ती मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची. मूळ रहिवासी शोशोनी. बेअर नदीकाठी जानेवारी 1863 मध्ये त्यांचं हत्याकांड झालं. त्यानंतर सहा महिन्यांनी, 30 जुलैला, ब्रिगहॅम सिटीत त्यांच्याशी बॉक्स एल्डरचा तह झाला.

रेल्वेच्या 1862 च्या कायद्यानुसार कंपन्यांना मैलामागे सरकारी रोखे मिळायचे: सपाटीवर 16,000 डॉलरचे, दोन पर्वतरांगांमधल्या मुलखात 32,000 चे, डोंगरात 48,000 चे. दोन्ही मार्ग कुठे जुळवायचे हे मात्र ठरलंच नव्हतं. मग पश्चिमेकडून आलेल्या सेंट्रल पॅसिफिकची आणि पूर्वेकडून आलेल्या युनियन पॅसिफिकची माणसं एकमेकांना ओलांडून पुढे गेली आणि 200 मैलांहून जास्त अंतर शेजारी-शेजारी मार्गाची आखणी आणि खोदाई करत राहिली. एप्रिल 1869 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, जागा ठरवून दिली, तेव्हा कुठे हे थांबलं.

प्रोमोंटरीच्या पूर्व उतारावर ही चढाओढ अजून स्पष्ट दिसते. एकाच घळीवर सेंट्रल पॅसिफिकने सुमारे 170 फूट खोल आणि 500 फूट लांब भराव घातला. युनियन पॅसिफिककडे तेवढा वेळ नव्हता. तिने जवळच सुमारे 400 फूट लांब आणि 85 फूट उंच लाकडी पूल घाईघाईने उभा केला. तो समारंभाच्या पाच दिवस आधी पुरा झाला, पण डळमळीतच होता. पुढे हा मार्ग सेंट्रल पॅसिफिककडे आल्यावर गाड्या भरावावरून वळवल्या आणि पूल मोडला. भराव अजून शाबूत आहे.

पश्चिम बाजूला 28 एप्रिल 1869 रोजी सेंट्रल पॅसिफिकने एका दिवसात 10 मैल 56 फूट रूळ टाकले. मोजदाद अशी: सुमारे 25,800 स्लीपर, 3,520 रूळ, 55,000 खिळे. प्रत्येक रूळ 30 फुटी, वजन 560 पौंड. रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश कामगारांची नावं इतिहासात आहेत. स्लीपर मांडणाऱ्या, खिळे ठोकणाऱ्या, खडी भरणाऱ्या चिनी कामगारांची मात्र त्या दिवशी कुणी लिहून ठेवली नाहीत.

कोरिन हे गाव मॉर्मनेतरांनी 1869 मध्ये वसवलं. माँटानाकडे जाणारा माल इथे रेल्वेतून उतरून खेचरगाड्यांवर चढायचा. मॉर्मनांनी सुरू केलेली नॅरोगेज पुढे उत्तरेकडे सरकली, माल तिकडे वळला आणि कोरिनची भरभराट दहा वर्षंही टिकली नाही. 1870 चं मेथडिस्ट चर्च तेवढं उभं आहे.

1904 मध्ये ल्युसिन कटऑफ हा मार्ग ग्रेट सॉल्ट लेकवरून थेट लाकडी पुलाने गेला. चाळीसहून जास्त मैल वाचले, चढही टळला. जुन्या मार्गावरची टेरेस आणि केल्टन ही ठाणी ओस पडली. टेरेसला तर इंजिनशेड, कारखाना आणि चिनी वस्ती होती. शेवटी 1942 मध्ये युद्धासाठी पोलाद हवं म्हणून प्रोमोंटरीचे रूळच उखडले.

1959 मध्ये लाकडी पुलाऐवजी दगडी भराव आला आणि तलावाचे दोन भाग झाले. उत्तर भागाला गोडं पाणी कमी पडतं, त्यामुळे तिथला खारटपणा वाढला आणि क्षारात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे पाणी तांबूस झालं. याच रंगासाठी शिल्पकार रॉबर्ट स्मिथसनने 1970 मध्ये रोझेल पॉइंटला 1,500 फूट लांबीची दगडी वेटोळी, स्पायरल जेटी, बांधली.

प्रोमोंटरीला दिसणारी ज्युपिटर आणि 119 क्रमांकाची इंजिनं म्हणजे समारंभात समोरासमोर आलेल्या दोन इंजिनांच्या 1979 च्या प्रतिकृती आहेत. मूळची विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच भंगारात गेली. तिथून पश्चिमेला ल्युसिनपर्यंत जुन्या भरावावरून सुमारे 90 मैलांचा कच्चा रस्ता आहे. वाटेत पेट्रोल नाही, पाणी नाही. मातीत राहिलेले जुने खिळे टायर फाडतात, म्हणून एक जादा टायर पुरत नाही, दोन घ्यावेत. पाऊस झाला असेल तर या रस्त्याला जाऊच नये.