टल्सा १९२१: दंगल म्हणायचं की हत्याकांड?

दोन्ही शब्द आपण एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतो, पण अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात यातला कुठला शब्द कागदावर चढला यावर लोकांची नुकसानभरपाई अडली.

दंगलीत मारामारी दोन्हीकडून असते. हत्याकांडात एक बाजू मारत सुटते आणि दुसरीला जीव वाचवायची पळापळ. आता गोची अशी की ३१ मे १९२१ च्या रात्री कोर्टाबाहेर जे झालं ते दंगलीसारखंच दिसतं. डिक रोलंड या बूटपॉलिश करणाऱ्या ब्लॅक पोराला लिफ्टमधल्या गोऱ्या मुलीवर हल्ला केला म्हणून पकडलेलं (ती केस पुढे बारगळलीच), बाहेर गोऱ्यांचा जमाव, पोराला फासावर लटकवतील म्हणून काही ब्लॅक माणसं, त्यातले कितीतरी महायुद्धातून परतलेले सैनिक, बंदुका घेऊन आले, झटापटीत गोळी सुटली आणि मग दोन्हीकडून फायरिंग.

पण पहाटेचं काय? १ जूनला गोऱ्यांचा प्रचंड जमाव ग्रीनवूड या ब्लॅक लोकांच्या वस्तीत घुसला, त्यातल्या कित्येकांना पोलिसांनीच रात्री हंगामी पोलीस बनवलेलं, घरं आधी लुटली मग पेटवली, ३५ ब्लॉक खाक, रेड क्रॉसच्या मोजणीत १२५६ घरं जळालेली. मेलेल्यांचा अंदाज ३०० पर्यंत जातो. आणि धरून कोंडलं कुणाला, तर ज्यांची घरं जळाली त्यांनाच, हजारोंच्या संख्येनं! ह्याला दंगल म्हणणं मला तरी पटत नाही.

पण कागदावर दंगलच राहिली. इन्शुरन्सच्या पॉलिसीत कलम असायचं की दंगलीत झालेलं नुकसान आम्ही भरणार नाही, त्यावर बोट ठेवून कंपन्या मोकळ्या. विल्यम रेडफर्न या मालकाच्या इमारती जळाल्या, तो राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत लढला आणि १९२६ मध्ये हरला.

पुढे कितीतरी वर्षं शहरात हा विषयच निघायचा नाही. १९९७ ला राज्यानं चौकशी आयोग नेमला तर त्याच्याही नावात 'रेस रायट' म्हणजे वांशिक दंगल, शताब्दीसाठी नेमलेल्या दुसऱ्या आयोगानं २०१८ मध्ये आपल्या नावातला तो शब्द काढून 'मॅसकर' म्हणजे हत्याकांड केला.

२०२० पासून टल्सातल्या ओकलॉन स्मशानभूमीत मेलेल्यांच्या शोधासाठी खोदकाम सुरू झालं आणि २०२४ मध्ये पहिली ओळख पटली, सी. एल. डॅनियल, महायुद्धातला सैनिक. डीएनएच्या जोडीला एक जुनं पत्र कामी आलं, १९३६ मध्ये त्याच्या आईच्या वकिलानं सरकारला लिहिलेलं. त्यात मुलगा कशात गेला म्हणून लिहिलंय, तर टल्साच्या 'रेस रायट'मध्ये.