वीस गुण, पण कोणत्या पट्टीवरचे?

नैराश्यावरच्या औषधाची बातमी आली की ‘रुग्णांचे गुण अमुक इतक्याने उतरले’ असं वाचायला मिळतं. गुण कोणत्या पट्टीवर मोजले, हे बहुतेकदा गाळलेलं असतं आणि मला तेच सर्वांत खटकतं. अभ्यासांमध्ये नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या दोन पट्ट्या वारंवार भेटतात: हॅमिल्टन आणि मॅडर्स (माँटगोमेरी-ऑसबर्ग पट्टीचं इंग्रजी लघुरूप). दोन्हींत गुण जितके जास्त, तितकं नैराश्य तीव्र. दोन्ही डॉक्टर किंवा प्रशिक्षित मुलाखतकार रुग्णाशी बोलून भरतात, म्हणून त्या एकच वाटतात.

हॅमिल्टन १९६०ची. तिच्या मूळ १७ मुद्द्यांचे मिळून जास्तीत जास्त ५२ गुण होतात. मॅडर्स १९७९ची, १० मुद्दे, प्रत्येकी ० ते ६, म्हणजे एकूण ६०. आता एखाद्याला २० गुण मिळाले असं समजा. हॅमिल्टनच्या एका प्रचलित वर्गवारीत १९ ते २२ म्हणजे तीव्र नैराश्य. मॅडर्सवर मात्र २०पासून मध्यम नैराश्य जेमतेम सुरू होतं. आकडा तोच, पण आजाराचं वजन वेगळं.

खरा फरक मोजलं काय जातं यात आहे. हॅमिल्टनमध्ये झोपेचे तीन मुद्दे आहेत: झोप न लागणं, मध्येच मोडणं आणि पहाटे लवकर जाग येणं. त्यांचे मिळून ६ गुण. उदास मनःस्थितीला फक्त ४! शिवाय पोटाच्या तक्रारी आणि वजन घटणंही त्यात धरलेलं आहे. त्यामुळे गुंगी आणणाऱ्या औषधाने झोप सुधारली, तर मन होतं तिथेच असलं तरी गुण उतरू शकतात. उलट औषधाने पोट बिघडलं तर तेच गुण वाढायची शक्यता. मॅडर्स उपचाराने होणारा बदल टिपावा म्हणूनच बनवली गेली. तिथे दिसणारी उदासी आणि रुग्णाने सांगितलेली उदासी असे दोन मुद्दे आहेत, म्हणजे १२ गुण, झोपेला ६. भूक आहे, पण पचनाच्या तक्रारी नाहीत.

‘प्रतिसाद मिळाला’ हा शब्दही जपून वाचावा. त्याचा रूढ अर्थ गुण निम्मे किंवा त्याहून कमी झाले, इतकाच. हॅमिल्टनवर २८वरून १४वर आलेला रुग्ण या हिशेबात यशस्वी ठरतो. आजार ओसरला म्हणायला मात्र सहसा ७ किंवा त्याखालचे गुण लागतात. १४ गुणांवरचा माणूस हॅमिल्टनच्या वर सांगितलेल्या वर्गवारीनुसार अजून मध्यम नैराश्यात असतो.