न पाहिलेले हातवारे

'संवादात शब्द फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के बॉडी लँग्वेज' हा फॉरवर्ड परत आला आणि आता मात्र राहवेना. आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतले, पण तिथे लोकांना 'मेबी' सारखे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून बोलणाऱ्याच्या भावना ओळखायला सांगितलं होतं, बस इतकंच. शब्द खरंच ७ टक्के असते तर कुठल्याही अनोळखी भाषेतलं भाषण आपल्याला नुसतं बघून कळलं असतं की!

इशारे देशोदेशी बदलतात हे बऱ्याच जणांना माहिती असतं. बल्गेरियात मान खालीवर केली की 'नाही', अंगठा-तर्जनीचं गोल अमेरिकेत 'ओके' आणि ब्राझीलमध्ये शिवी. पण हे इशारे शब्दांसारखेच, बघून पाठ होतात. मला वेड लावलंय ते बोलता बोलता आपोआप हलणाऱ्या हातांनी.

१९९८ मध्ये आयव्हर्सन आणि गोल्डिन-मेडो या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दाखवलं की जन्मांध मुलंही बोलताना हातवारे करतात, ऐकणाराही अंध आहे हे माहीत असताना सुद्धा. मग हे येतं कुठून?

आता नीट बघा. समजा, कुणीतरी उतारावरून घरंगळत खाली आलं, ही घटना सांगायची आहे. इंग्रजीत 'घरंगळणं' क्रियापदात बसतं आणि 'खाली'ला एक छोटासा शब्द पुरतो ('रोल डाउन'), सगळं एका दमात, म्हणून बोलणाऱ्याचा हातही गोल फिरत फिरतच खाली येतो. तुर्कीत 'उतरणं' हे मुख्य क्रियापद, घरंगळणं वेगळं जोडायचं (आपल्या 'घरंगळत उतरला' सारखंच), तर हातही बऱ्याचदा आधी नुसता गोल फिरतो, मग नुसता खाली जातो, किंवा फक्त खालीच जातो. म्हणजे भाषा विचाराचे जसे तुकडे पाडते, हात त्याच तुकड्यांनी चालतो. २०१६ मध्ये गोल्डिन-मेडो आणि सहकाऱ्यांनी हे प्रत्येकी २० इंग्रजी आणि तुर्की बोलणाऱ्या जन्मांधांवर तपासलं. इंग्रजीवाल्यांचे हात इंग्रजीसारखे, तुर्कीवाल्यांचे तुर्कीसारखे! कुणाचे हातवारे बघून शिकायचा तर प्रश्नच नव्हता, जे काही मिळालं ते भाषेतूनच. त्यामुळे कुणाचा हात कसा हलला यावरून 'मनातलं ओळखा' शिकवणाऱ्या कोर्सवाल्यांनी आधी समोरच्याची मातृभाषा तरी विचारावी.

आणि गंमत पुढेच आहे. त्याच लोकांना तोंड बंद ठेवून, फक्त हातांनी तीच घटना सांगायला लावली तर भाषेचा फरक गायब, इंग्रजी काय नि तुर्की काय, डोळस काय नि अंध काय, सगळ्यांचे हात जवळपास सारखेच चालले.