मालक परगावी, भाडेकरू घरात, थकबाकी वहीत

मालक परगावी आणि फ्लॅटमध्ये भाडेकरू, तर थकलेला मेन्टेनन्स सोसायटीने वसूल कसा करायचा? हा पेच समजायला सुरुवातीकडे जावं लागतं. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी ५ फेब्रुवारी १८८९ रोजी बडोद्यात ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ काढली, तेव्हा देशात सहकाराचा कायदाच नव्हता. ब्रिटिश हद्दीत तो १९०४ मध्ये आला, तोही पतसंस्थांपुरता. घरबांधणीला वाव मिळाला १९१२ च्या कायद्याने. पण गृहनिर्माण संस्थेचं गृहीत ‘अन्योन्य’ या नावातच होतं: ओळखीच्या माणसांनी एकमेकांची जबाबदारी घ्यायची.

जुन्या ‘टेनंट को-पार्टनरशिप’ संस्थेत जमीन आणि इमारत संस्थेची, आणि सभासद हाच संस्थेचा भाडेकरू. (बडोद्यात मालकीच्या बैठ्या घरालाही आजवर ‘टेनामेंट’च म्हणतात.) तिथे पैसे थकवणारा आणि घरात राहणारा माणूस एकच असे.

ही जोडी पुढे तुटली. १९४९ पासून विद्यापीठाचे विद्यार्थी, साठच्या दशकात खत कारखाना आणि कोयलीची रिफायनरी, यांमुळे भाड्याच्या घरांना गिऱ्हाईक वाढलं. मग बिल्डरची फ्लॅट-योजना आली, १९७३ चा गुजरातचा फ्लॅट-मालकी कायदा आला. आता फ्लॅट आधी विकला जातो, सोसायटी नंतर नोंदते. काही मालक खरेदीचा दस्त करतात, पण सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) घेतच नाहीत, म्हणजे सभासद होत नाहीत, आणि परदेशी निघून जातात.

२४ फ्लॅट, महिना १५०० रुपये मेन्टेनन्स, चार मालक थकले की वर्षाला ७२,००० चा खड्डा. वॉचमन आणि लिफ्टवाला थांबत नाहीत, म्हणून भार उरलेल्या वीस जणांवर.

वसुलीची वाट १९६१ च्या गुजरात सहकार कायद्यात आहे. कलम ९६ खाली सहकार रजिस्ट्रारच्या ‘नॉमिनी’पुढे (वारसदार नव्हे, रजिस्ट्रारने निवाड्यासाठी नेमलेला माणूस) दावा, निवाडा मिळाला की तो दिवाणी हुकूमनाम्यासारखा किंवा जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. सभासदाकडून येणे असलेल्या रकमेसाठी दावा करायची मुदत तो सभासद असेपर्यंत संपत नाही. मात्र मालक सभासदच नसेल तर नॉमिनीच्या अधिकारावरच हरकत येते. दिवाणी कोर्टात जावं लागतं आणि तीन वर्षांपूर्वीची बाकी बुडते. बहुतेक कमिट्या इथेच फसतात. मेन्टेनन्सच्या ठरावाची प्रत, मागणीची बिलं आणि पोच असलेली नोटीस नसेल तर वही एकटी फारशी उभी राहत नाही.

भाडेकरूचा सोसायटीशी करारच नसतो, त्यामुळे थेट त्याच्यावर दावा चालत नाही. पाणी तोडणं हा तर आत्मघात: भाडेकरूच्या आवश्यक सोयी तोडायला १९४७ च्या मुंबई भाडेकायद्याने घरमालकालाही मनाई केली. हुकूमनामा हातात आल्यावर मात्र मालकाला मिळायचं भाडं कोर्टामार्फत जप्त करता येतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडाने, मंदीत मालक पळू लागल्यावर, २०१० मध्ये ही पायरीच गाळली: तिथली असोसिएशन भाडेकरूला लेखी नोटीस देते, आणि बाकी फिटेपर्यंत भाडं मालकाऐवजी तिच्याकडे येतं. आपल्याकडे अशी तरतूद नाही. म्हणून जाणत्या कमिट्या भाड्याला ना-हरकत देतानाच मालकाकडून लिहून घेतात की बाकी राहिल्यास भाडेकरूने मेन्टेनन्स भाड्यातून कापून सोसायटीत भरावा, आणि भाडेकरारातही तेच कलम घालायला लावतात. त्याच अर्जावर मालकाचा सध्याचा पत्ता, ईमेल आणि इथल्या एका नातेवाइकाचा फोन घ्यावा. नोटीस ‘पत्ता सापडला नाही’ म्हणून परत आली तर दावा महिनोन्‌महिने तिथेच अडतो.