विळ्यावर चढणारे तांबे

शेततळ्यातले शेवाळ घालवायला मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा निळा क्षार) टाका, हा सल्ला बागायतदारांच्या मोबाइलवर सारखा फिरत असतो. सोबत एकच प्रमाण असते, कोकणालाही तेच आणि सांगोल्यालाही तेच. हे धोक्याचे आहे. शेवाळ मरते ते मुख्यतः तांब्याच्या मोकळ्या, दोन धनभारांच्या आयनामुळे. सोलापूरकडचे पाणी काळ्या कातळातून झिरपलेले, जड आणि अल्कधर्मी. त्यात मोरचुदातले बरेचसे तांबे कार्बोनेटशी बांधले जाते, काही गाळ होऊन तळाशी बसते आणि शेवाळ हिरवेगार राहते. कोकणातल्या मऊ पाण्यात तेवढ्याच मोरचुदाने मासेही मरू शकतात, कारण कल्ल्यांवर तांबे चिकटते त्या जागा अडवून धरणारे कॅल्शियम तिथे कमी असते.

पाणी तपासणीचा अहवाल मात्र तांब्याचा एकच आकडा देतो. नमुना घेतला की त्यात नायट्रिक आम्ल घालून सामू (पीएच) 2 च्या खाली आणतात, म्हणजे धातू बाटलीला चिकटत नाही. एकूण तांबे मोजायला हे योग्यच आहे, पण त्या आम्लाने तांब्याचे बंध तुटतात आणि ते मुळात कोणत्या रूपात होते याची खूण पुसली जाते. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या मानकातली मर्यादाही (लिटरला 0.05 मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर 1.5) एकूण तांब्याचीच आहे.

रूप ओळखणारी एक चाचणी आपल्या डाळिंबवाल्यांना मात्र चांगली ठाऊक आहे. एक टक्का बोर्डो मिश्रण, हे फवारायचे बुरशीनाशक, म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी. मिश्रण झाले की त्यात लोखंडी विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. तसेच फवारले तर पाने करपतात. आणखी चुना घातला की थर चढत नाही. पिंपातले एकूण तांबे दोन्ही वेळा तेवढेच असते! लोखंडाने इलेक्ट्रॉन देऊन धातू बनवला तो फक्त मोकळ्या आयनांचा.

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलाव किंवा हिप्परगा तलावासारख्या पाण्यात तांबे सहसा लिटरला मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतके कमी असते. तिथे विळ्याचे काम पाऱ्याचा थेंब करतो. यारोस्लाव हेरॉव्हस्की यांनी 1922 मध्ये प्रागला पाऱ्याच्या थेंबांवर विद्युतरासायनिक मोजमाप सुरू केले. 1959 मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले. त्याच घराण्यातली ही पद्धत, स्ट्रिपिंग व्होल्टामेट्री. पाण्यात नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हाकलायचा आणि टांगलेल्या थेंबाला उणे 0.8 व्होल्टच्या आसपास काही मिनिटे ठेवायचे. पिग्मी एजंट रोज थोडे थोडे गोळा करतो, तसे तांबे, शिसे, कॅडमियम त्या थेंबात साठत जातात. मग व्होल्टेज हळूहळू चढवायचे. उणे 0.6 जवळ कॅडमियम बाहेर पडते, उणे 0.4 जवळ शिसे, शून्याच्या जवळपास तांबे. प्रत्येकाच्या वेळी विद्युतप्रवाहाचे एक शिखर उमटते आणि शिखराच्या उंचीवरून प्रमाण कळते. मला रसायनशास्त्रात याहून देखणा आलेख माहीत नाही.

पण थेंब मोकळे आयन ओढू लागला की सैल बांधलेले तांबेही सुटून त्यात येते. म्हणून पुढची युक्ती. एकच नमुना अनेक कुप्यांत वाटायचा, प्रत्येकीत चढत्या क्रमाने तांबे घालायचे, समतोल व्हायला रात्रभर ठेवायचे आणि मग मोजायचे. सुरुवातीच्या कुप्यांत शिखर जेमतेम वाढते, कारण घातलेले तांबे पाण्यातली ह्युमिक आम्लांसारखी सेंद्रिय द्रव्ये गिळतात. त्यांची भूक भागली की रेषा सरळ वर निघते. हे वळण कुठे येते त्यावरून बांधणाऱ्या द्रव्यांचे प्रमाण कळते, आणि वळणाच्या गोलाईवरून बंधाची ताकद, म्हणजे समतोल स्थिरांक के. तो प्रचंड असतो म्हणून त्याचा लॉग लिहितात. या दोहोंवरून मूळ पाण्यातले मोकळे आयन गणिताने निघतात. समुद्राच्या वरच्या थरातले 99 टक्क्यांहून अधिक तांबे असे बांधलेले असते, हे याच मार्गाने कळले.

इलेक्ट्रोडवर दिसते ते सगळे पाण्यातलेच असते, असे मात्र नाही. फिल्टर विकायला येणारे काही जण नळाच्या पाण्यात लोखंडी कांड्या बुडवून वीज सोडतात आणि वर आलेला तपकिरी चोथा ‘तुमच्या पाण्यातली घाण’ म्हणून दाखवतात. तो त्या कांडीचाच विरघळलेला गंज असतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे वीज फारशी वाहत नाही आणि चोथाही होत नाही. ही शुद्ध फसवणूक आहे.

प्रत्येक शेततळ्यासाठी पाऱ्याचा थेंब परवडणार नाही, त्याची गरजही नाही. सामू, अल्कता (आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद), कॅल्शियम, विरघळलेला सेंद्रिय कार्बन असे आकडे हाती असले की मोकळ्या तांब्याचा अंदाज संगणकावर काढता येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2007 मध्ये गोड्या पाण्यातल्या जलचरांसाठी तांब्याचे निकष अशाच गणितावर बसवले. तळ्यात मोरचूद टाकण्याआधी निदान सामू आणि अल्कता तरी तपासून घ्या.