संशोधन विदा-व्यवस्था (नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात)

संशोधन करताना जमणाऱ्या नोंदी, मोजमापे, छायाचित्रे, नकाशे आणि आज्ञावली नीट जपल्या जाव्यात, शोधणाऱ्याला सापडाव्यात आणि ज्याने त्या गोळा केल्या त्याच्याखेरीज इतर अभ्यासकांनाही वापरता याव्यात, यासाठी उभारलेली संगणकीय साधने, जाळी, भांडारे, संकेत आणि प्रशिक्षण यांच्या एकत्रित रचनेला संशोधन विदा-व्यवस्था म्हणतात. ‘विदा’ हा ‘डेटा’साठी घडवलेला शब्द लिखाणात रुळत आहे, बोलण्यात डेटा हाच शब्द चालतो. या व्यवस्थेचा दिसणारा भाग म्हणजे केबल, सर्व्हर आणि महासंगणक. न दिसणारा भाग म्हणजे तक्त्यातील रकान्याला नेमके नाव देणारा, एकक लिहून ठेवणारा आणि रिकाम्या घराचा अर्थ नोंदवणारा माणूस. पहिला भाग निधी मिळाला की उभा राहतो. दुसरा शिकवावा लागतो, आणि व्यवस्था बहुतेक वेळा इथेच अडते.

नाशिक या दृष्टीने अभ्यासण्याजोगा जिल्हा आहे. पुण्याप्रमाणे येथे संशोधन संस्थांची दाटी नाही. जे संशोधन आहे ते निरनिराळ्या विषयांत आणि निरनिराळ्या आवारांत विखुरलेले आहे. पाटबंधारे व बांधकामविषयक संशोधन करणारी महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘मेरी’, १९५९ पासून दिंडोरी रस्त्यावर आहे. राज्यभरातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी व परिचर्या महाविद्यालयांना संलग्नता देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये येथे स्थापन झाले, तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कार्यरत आहे. राष्ट्रीय बागवानी अनुसंधान एवं विकास प्रतिष्ठान १९७७ पासून कांदा-लसणाच्या वाणांवर काम करते. अंजनेरीच्या पायथ्याशी १९८० मध्ये नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था स्थापन झाली. पाणी, कांदा, रोग आणि नाणी यांच्या नोंदींत वरवर काहीही साम्य नाही, पण त्या जपताना येणाऱ्या अडचणी मात्र आश्चर्य वाटावे इतक्या सारख्या आहेत.

देशपातळीवरील पायाभूत सोयी थोडक्यात सांगता येतील. शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणारे ‘अर्नेट’ १९८६ मध्ये सुरू झाले. त्यानंतर २०१० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याने अधिक वेगाची जोडणी दिली. पुण्यातील सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला आणि २०१५ च्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातून त्याच घराण्यातील यंत्रे अनेक संस्थांत बसली. ग्रंथालयांची बाजू गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र सांभाळते. पीएच.डी.च्या प्रबंधांचे ‘शोधगंगा’ हे भांडार याच केंद्राचे आहे आणि २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले. शोधगंगेमुळे प्रबंध सापडतो ही मोठी सोय झाली. परंतु त्यातील तक्ते पीडीएफच्या पानांत बंद राहतात आणि ज्या मूळ नोंदींवरून ते तयार झाले त्या बहुधा संशोधकाच्या लॅपटॉपवरच उरतात. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके जवळपास ६,३०० संस्थांना खुली झाली आहेत. मात्र तिचा रोख सरकारी व्यवस्थापनाच्या संस्थांवर आहे, आणि नाशिकमधील बहुतेक महाविद्यालये १९१४ सालच्या मराठा विद्या प्रसारक समाजासारख्या खासगी शिक्षणसंस्थांनी उभी केलेली आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे लागते.

विदेचे मोल कशावर ठरते, यासाठी २०१६ मध्ये मांडलेली चार तत्त्वे आज जगभर मानली जातात: विदा शोधता यावी, मिळवता यावी, इतर विदासंचांशी जुळवता यावी आणि पुन्हा वापरता यावी. विदासंचाला डीओआयसारखा कायमचा क्रमांक देणे, संशोधकाला ऑर्किड हा स्वतःचा ओळखक्रमांक असणे, ‘झेनोडो’सारख्या खुल्या भांडारात प्रत ठेवणे हे सारे उपाय त्यातूनच येतात. यांतील ‘जुळवता यावी’ हे तत्त्व ऐकायला सर्वांत साधे वाटते आणि पाळायला सर्वांत अवघड आहे. ते अवघड का, हे कांद्याच्या नोंदींवरून स्पष्ट होते.

लासलगाव बाजार समितीच्या कांद्याच्या दरांवर देशभरातील अर्थशास्त्राचे अभ्यासक काम करतात. केंद्राच्या ‘अ‍ॅगमार्कनेट’वर आणि राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर मिळतो. ही माहिती उतरवून घेऊन लगेच आलेख काढण्याचा मोह होतो, पण आधी काही गोष्टी तपासाव्या लागतात. लासलगावच्या समितीचे विंचूर आणि निफाड येथे उपबाजार आहेत. त्यांच्या नोंदी मुख्य बाजारात मिळवायच्या की वेगळ्या ठेवायच्या, हे ठरवून तसे लिहून ठेवले नाही तर आवकेचे आकडे दोन अभ्यासकांचे दोन येतात. एका ठिकाणी आवक क्विंटलमध्ये असते, दुसरीकडे टनांत, आणि एकक न पाहता दोन्ही एका रकान्यात आली की चूक दहापटीची होते. खरिपाचा पोळ, उशिरा खरिपाचा रांगडा आणि रब्बीचा उन्हाळ कांदा यांचे टिकण्याचे गुण वेगळे आहेत. कांदाचाळीत महिनोन्‌महिने राहणारा उन्हाळ आणि काढल्यावर लवकर विकावा लागणारा खरिपाचा लाल कांदा यांचे दर एकाच मालाचे समजून सरासरी काढली तर साठवणुकीचा परिणाम मोजताच येत नाही. मार्चच्या अखेरीस दोन्ही माल एकाच आवारात येत असताना हा फरक विशेष जाणवतो.

सर्वांत जास्त घोटाळा रिकाम्या घरांचा होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागू झाले तेव्हा जिल्ह्यात लिलाव बंद पडले आणि पुढच्या महिन्यात व्यापाऱ्यांनीही बंद पुकारला. त्या दिवसांच्या नोंदी कोऱ्या आहेत. कोऱ्या जागी संगणकाने शून्य भरले तर आवक शून्य होती असा अर्थ होतो. आदल्या दिवसाचा दर पुढे ओढला तर बाजार शांतपणे चालू होता असे दिसते. दोन्ही अर्थ खोटे आहेत. शेतकऱ्याकडे माल होता आणि तो विकता येत नव्हता, ही त्या दिवसांची वस्तुस्थिती आहे, आणि ती ‘लिलाव बंद’ अशा वेगळ्या रकान्याशिवाय विदेत उतरत नाही. असा रकाना जोडायला कोणतेही महाग साधन लागत नाही. तो जोडण्याची गरज ओळखणारी व्यक्ती लागते, आणि ती बहुधा लासलगावच्या आवारात उभी राहिलेली असते.

पाण्याच्या नोंदींचे महत्त्व तर न्यायालयापर्यंत पोहोचलेले आहे. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातील गंगापूर, दारणा, पालखेड या धरण समूहांतून जायकवाडीसाठी केव्हा आणि किती पाणी सोडावे, याचे सूत्र मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये दिले आणि त्या आधारे राज्य जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश काढला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. नाशिकचा द्राक्ष बागायतदार आणि मराठवाड्यातील शेतकरी अशा दोघांचेही हित एका दिवसाच्या एका आकड्याशी बांधलेले आहे. तो आकडा काढला जातो तो पाण्याच्या पातळीवरून. पातळी मोजायची आणि कोष्टकात त्या पातळीला किती साठा आहे ते पाहायचे. परंतु धरणात दरवर्षी गाळ येतो, त्यामुळे जुने कोष्टक हळूहळू खरे राहत नाही. ‘मेरी’ गाळाची जी सर्वेक्षणे करते त्यांचे कारण हेच. वेगवेगळ्या पातळ्यांना पाण्याचा पसारा किती आहे हे उपग्रहाच्या चित्रांवरून मोजून मूळ क्षमतेशी ताडता येते. अशा कामात कोणत्या वर्षाचे कोष्टक वापरले, चित्र कोणत्या तारखेचे होते आणि त्या दिवशी पातळी किती होती, या तीन गोष्टी आकड्यासोबत कायम राहिल्या पाहिजेत. विदाशास्त्रात यालाच अधिविदा, म्हणजे विदेविषयीची विदा, म्हणतात. एककांचा प्रश्न इथेही आहेच. वर्तमानपत्र टीएमसीत लिहिते, खाते दशलक्ष घनमीटरमध्ये, आणि १ टीएमसी म्हणजे सुमारे २८.३२ दशलक्ष घनमीटर हे दर वेळी ध्यानात ठेवावे लागते.

नाण्यांच्या बाबतीत अधिविदा हाच इतिहास असतो. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३ हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उठवलेली होती. सातवाहनांनी नहपानाचा पराभव केल्याचा हा भक्कम पुरावा आहे, पण तो एका नाण्यात नसून त्या साठ्यात मिळून आहे. असा साठा वेगवेगळ्या संग्रहांत विखुरला आणि प्रत्येक नाण्यासोबत सापडल्याचे ठिकाण, वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे राहिली नाहीत तर उरते ती फक्त जुनी चांदी. म्हणून नाण्यांच्या संगणकीय सूचीत राजाचे नाव, टांकसाळ, मूल्य यांसाठी जगभर समान ओळखक्रमांक वापरण्याचा प्रयत्न चालतो.

अशी शिस्त या भूमीला नवीन नाही. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय यजमानांच्या नामावळी पिढ्यान्‌पिढ्या वह्यांत राखत आले आहेत. येणाऱ्याने गाव आणि आडनाव सांगितले की त्याच्या पणजोबाच्या हातची नोंद काढून दाखवता येते. ती सापडते, कारण वह्या लावण्याची एक ठरलेली पद्धत आहे आणि ती पद्धत वडिलांनी मुलाला शिकवलेली असते. वही जपली पण लावण्याची रीत विसरली गेली, तर नोंद असूनही नसल्यासारखीच होते.

आरोग्याच्या विदेत जपणुकीइतकेच गुप्ततेला महत्त्व आहे. भारतातील चिकित्सालयीन चाचण्यांची नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तेथे करणे सक्तीचे झाले. त्यामुळे चाचणीचा निकाल काय येणार हे कळण्याआधीच तिचा उद्देश आणि पद्धत जाहीर होते. २०१५ च्या सिंहस्थात टॅबलेटवर रोगनोंदी घेऊन साथींवर रोजच्या रोज लक्ष ठेवण्याचा प्रयोग नाशिकमध्ये झाला. इतक्या गर्दीत कागदी नोंदी जमा होऊन वेळेवर वाचल्या जाणे कठीणच असते. अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याने संशोधन व सांख्यिकीसाठी काही सवलत ठेवली आहे, परंतु त्या विदेवरून एखाद्या व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाऊ नये ही अट त्यात आहे. केवळ नाव खोडल्याने ओळख पुसली जात नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. लहान पाड्यावरील रुग्णाचे वय, गाव आणि दुर्मीळ आजार हे तीन रकाने एकत्र असले तर गावातला कोणीही त्याला ओळखू शकतो.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे लिपीचा प्रश्न स्वतंत्रपणे उभा राहतो. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती सर्रास होण्यापूर्वी कार्यालये, मुद्रणालये आणि संशोधक श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे फॉन्ट वापरत. त्या फॉन्टची फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात, आणि तिच्यात शब्द शोधता येत नाही. परिवर्तकाने ती युनिकोडमध्ये आणता येते, तरी जोडाक्षरे आणि रफार हाताने तपासावे लागतात. युनिकोडमध्येही सर्व आलबेल आहे असे नाही. ‘अ’ आणि चंद्र मिळून होणारे अक्षर एकाहून अधिक प्रकारे टंकित होते. त्यासाठीचा स्वतंत्र संकेत २००८ मध्ये आला. डोळ्यांना ही अक्षरे सारखी दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी वाटतात, आणि शोध अर्धाच निघतो. गावांच्या नावांचेही तसेच आहे. पिंपळगाव नावाची गावे इतकी आहेत की नावावरून तक्ते जोडू नयेत. जनगणनेचा किंवा स्थानिक शासन निर्देशिकेचा गावक्रमांक वापरावा.

प्रशिक्षणाची सोय आहे, पण ती उशिरा वाट्याला येते. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या अखेरीस संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला. त्यात संशोधन-लेखांच्या विदागारांची ओळख आहे, पण तक्ता कसा बांधावा याचा सराव नाही. तो सराव देण्याची एक चांगली पद्धत १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या सॉफ्टवेअर कार्पेंट्री या उपक्रमातून घडली. तिच्यात बहुधा दोन दिवसांची कार्यशाळा असते, शिकवणारा सर्वांसमोर आज्ञा टंकतो आणि शिकणारे त्याच वेळी आपापल्या संगणकावर तेच करतात. अडलेला विद्यार्थी हात वर करत नाही. ठरलेल्या रंगाची चिठ्ठी संगणकावर चिकटवतो, आणि मदतनीस त्याच्याजवळ येतो. भर वर्गात शंका विचारायला संकोचणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ही साधी युक्ती फार मोलाची आहे. आय.आय.टी. मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरिअल प्रकल्पातील अनेक धडे मराठी निवेदनासह मिळतात. पडद्यावरील आज्ञा इंग्रजीच राहतात, समजावणारा आवाज मराठी असतो, आणि धडा साधारण दहा मिनिटांचा असल्याने थांबवून, मागे नेऊन पुन्हा करता येतो. आर व पायथन या संगणकभाषा आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस ही मोफत साधने यासाठी पुरेशी आहेत.

कार्यशाळेचे उदाहरण शिकणाऱ्याच्या परिसरातले असावे, याचा अनुभव सगळीकडे सारखाच येतो. फुलांच्या पाकळ्यांच्या परदेशी तक्त्यावर शिकलेली आज्ञा निफाडच्या विद्यार्थिनीला पाठ होते. तीच आज्ञा कांद्याच्या दरांवर चालवली की ०४/०५ ही तारीख एक्सेलने एप्रिलमधली धरली की मेमधली, हे ती स्वतःहून विचारते, कारण त्या दोन महिन्यांत बाजारात काय येते हे तिला माहीत असते.